‘तिथे गेल्यावर बघू’ मालदीवला चालत नाही: या चुका टाळा

आपण मुंबईकर सहलीला निघतो ते एका भरवशावर. हॉटेलचं जेवण महाग वाटलं तर बाहेर एखादी खानावळ असेलच. रिक्षावाल्याने अव्वाच्या सव्वा सांगितले तर पुढच्या नाक्यावर दुसरा मिळेल. अलिबागला, तारकर्लीला, गोव्याला हे खरंही ठरतं. मालदीवमध्ये पुढचा नाकाच नसतो. १९७२ साली तिथे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही पद्धत रुजली. बेटाला चालत फेरी मारायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, आणि त्या फेरीत दिसणारं दुकान, उपाहारगृह, दवाखाना, बोट, सगळं एकाच मालकाचं. त्यामुळे चौकशी, घासाघीस, हट्ट, जे काही करायचं ते मुंबईत बसून, पैसे भरायच्या आधी.

हे आम्हाला कळलं ते पैसे भरल्यानंतर. आता भाचीचं लग्न ठरलंय, तिला हनिमूनला तिथेच जायचंय, आणि रोज रात्री साडेदहाला तिचा फोन येतो, “मावशी, अजून एक विचारू?” तिला तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे एकत्र लिहिते आहे.

विमान किती वाजता उतरतं, हे आधी बघा

सगळ्यात महागडी चूक तिकिटात होते, रिसॉर्टमध्ये नाही. राजधानी मालेचा विमानतळ स्वतःच एका बेटावर आहे. तिथून लांबच्या रिसॉर्टला जायचं तर सी-प्लेन, म्हणजे पंधरा-सोळा माणसांचं, पाण्यावर उतरणारं छोटं विमान. ते फक्त दिवसाउजेडी उडतं. पाण्यावर धावपट्टीचे दिवे नसतात, वैमानिकाला नजरेने बघूनच उतरावं लागतं, त्यामुळे अंधार पडायच्या आत शेवटचं विमान परत आलेलं असावं लागतं.

आम्ही स्वस्त पडतं म्हणून दुपारी साडेतीनला पोहोचणारं विमान घेतलं होतं. ते मुंबईहूनच पाऊण तास उशिरा निघालं. इमिग्रेशन, सामान, रांग करत सी-प्लेनच्या काउंटरवर पोहोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. काउंटरवरच्या मुलीने आमच्याकडे बघून स्वच्छ हिंदीत सांगितलं, “कल सुबह.” बाहेर अजून लख्ख ऊन होतं, म्हणून मी वादही घातला. तिने फक्त घड्याळाकडे बोट दाखवलं. ती रात्र आम्ही विमानतळाजवळच्या हुलहुमालेत एका गेस्ट हाउसमध्ये काढली. खिडकीसमोर भिंत, एसीखाली बादली. आणि ज्या खोलीत आम्ही नव्हतो, तिचं त्या रात्रीचं भाडं रिसॉर्टने पूर्ण लावलं. “तुमची खोली तयार होती,” म्हणाले. नियमाने त्यांचं बरोबरच होतं.

तेव्हा सी-प्लेनचं रिसॉर्ट असेल तर मालेला दुपारी दोनच्या आत उतरणारंच विमान घ्या. येताना मालेहून सकाळी अकराच्या आधी निघणारं तिकीट घेऊ नका, नाहीतर आदल्या दिवशीच रिसॉर्ट सोडावं लागेल. वेळा जुळतच नसतील तर दोन वाटा आहेत. एक, मालेच्या आसपासच्या प्रवाळबेटांवरचं रिसॉर्ट, जिथे स्पीडबोटने जाता येतं आणि बोट रात्रीही सुटते. दुसरी, देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. ते विमान साध्या धावपट्टीवर उतरतं, त्यामुळे त्याला अंधाराची तितकी भीती नाही.

आणि अडकलातच तर? आधी स्वतःहून हॉटेल बुक करत बसू नका. सी-प्लेनची जागा रिसॉर्टच राखून ठेवतं, म्हणून विमान लेट आहे हे कळताक्षणी, मुंबईच्या टी-टूवर बसल्या बसल्या, रिसॉर्टला ई-मेल टाका आणि दुसरी सोय काय ते लेखी मागा. विमान कंपनीकडून उशिराचा दाखला घ्या आणि हॉटेलची पावती जपून ठेवा. प्रवास विम्यात उशिराची भरपाई असेल तर ती या दोन कागदांवरच मिळते. आम्ही पावती टाकून दिली होती.

सी-प्लेनमध्ये सामान सहसा २० किलो आणि हातात ५ किलो चालतं, वरच्या किलोमागे डॉलर मोजायचे. चार दिवसांच्या सहलीला दोन मोठ्या बॅगा आणि लाडवांचा डबा नेणाऱ्यांनी (आम्हीच) घरच्या काट्यावर वजन करून निघावं.

दराच्या पुढची दोन अधिकचिन्हं

रिसॉर्टच्या दरपत्रकात आकड्यापुढे ‘++’ असं छापलेलं असतं. आपल्याला ते सजावटीसारखं वाटतं. त्यातलं एक अधिक म्हणजे १० टक्के सेवा शुल्क आणि दुसरं म्हणजे पर्यटनावरचा जीएसटी, जो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला. हा कर सेवा शुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो, म्हणजे शुल्कावर कर, असा चढता जिना. शिवाय ग्रीन टॅक्स. तो रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री ६ डॉलर होता, १ जानेवारी २०२५ पासून १२ झाला.

आता हिशेब. खोली ६०० डॉलर++. सेवा शुल्क धरून ६६०. त्यावर १७ टक्के म्हणजे ११२.२०, झाले ७७२.२०. दोघांचा ग्रीन टॅक्स २४. एका रात्रीचे ७९६ डॉलर. पाच रात्रींसाठी तुमच्या डोक्यात तीन हजार असतात, बिल येतं चार हजारांच्या घरात, आणि सी-प्लेन अजून यात धरलेलंच नाही. त्याचे जाऊन-येऊन माणशी ४०० ते ६०० डॉलर सहज होतात. एजंटला एकच प्रश्न विचारा: “सगळे कर आणि बोट-विमान धरून, दोघांचे, शेवटच्या दिवशीपर्यंतचे किती?” उत्तर फोनवर नको, ई-मेलवर.

जेवणाच्या प्लॅनमध्येही असंच फसायला होतं. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुपारचं बघून घेऊ, असं म्हणून आम्ही तो घेतला. तिसऱ्या दुपारी एका पिझ्झ्याचे आणि दोन लिंबू सोड्यांचे झालेले डॉलर नवऱ्याने रुपयांत करून बघितले आणि उरलेली दुपार तो समुद्राकडे तोंड करून गप्प बसला. बेटावर वडापावची गाडी नाही, हे विसरू नका. फुल बोर्ड, म्हणजे तिन्ही वेळचं खाणं, घेतला तरी त्यात पेयं येतातच असं नाही, अगदी पिण्याचं पाणीसुद्धा. ऑल इन्क्लुझिव्हमध्ये कोणकोणती उपाहारगृहं येतात ते विचारा, कारण पोस्टरवर झळकणारं नेमकं त्यातून वगळलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघरात भारतीय आचारी असतात. शाकाहारी, जैन, कांदा-लसूण नको, चतुर्थीचा उपास, जे असेल ते आठवडाभर आधी कळवलं तर व्यवस्थित करून देतात. ताटावर बसल्यावर सांगितलं तर उकडलेल्या भाज्या येतात. नाताळ ते नवीन वर्ष या काळात जाणार असाल तर एका गाला डिनरचे पैसे सक्तीने घेतले जातात का, हेही बघून ठेवा.

मे महिन्याची सुट्टी

शाळा बंद म्हणून आपण मे महिना धरतो. इथे पावसाला अजून महिना आहे, म्हणजे तिथेही असणार, असं वाटतं. पण आपल्याकडे येणारा पाऊस दक्षिणेकडून येतो, आणि मालदीव त्याच वाटेवर आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळला पोहोचायच्या आधी तिथे पोहोचलेले असतात. मे ते ऑक्टोबर तिकडे पावसाचे, डिसेंबर ते एप्रिल कोरडे. एजंट ‘मेमध्ये भारी ऑफर आहे’ म्हणतो ती याचसाठी.

तरी हे महिने अगदीच टाकाऊ नाहीत. पाऊस बऱ्याचदा सरींनी येतो आणि जातो, जुलैतल्या मुंबईसारखा दिवसरात्र लागून राहीलच असं नाही. आणि मे ते नोव्हेंबर हाच ‘बा’ नावाच्या प्रवाळबेटातल्या हनिफारू उपसागरात मांटा रे, म्हणजे पंख पसरल्यासारखे दिसणारे मोठे चपटे मासे, मोठ्या संख्येने जमण्याचा काळ. तिथे स्कूबाला, म्हणजे पाठीवर सिलिंडर लावून पाण्याखाली जायला, परवानगी नाही, पृष्ठभागावरून तोंडात नळी धरून स्नॉर्कलिंगच करायचं. मांटा बघायचे असतील तर पावसाळ्यात जरूर जा. निळ्याशार पाण्याचे फोटो हवे असतील तर फेब्रुवारी-मार्च. दोन्ही एकाच सहलीत मागू नका.

खोली पाण्यावर, पण मासे कुठे?

पाण्यावरच्या खोलीसाठी जास्त पैसे मोजायचे आणि शिडीने खाली उतरल्यावर फक्त पांढरी वाळू बघायची, हे अनेकांचं होतं. लगून म्हणजे उथळ, वाळूचं, शांत पाणी. फोटोत सुंदर दिसतं, पण तिथे मासे थोडेच. मासे आणि प्रवाळ असतात हाउस रीफवर, म्हणजे बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या रांगेवर, आणि काही बेटांवर ती किनाऱ्यापासून पोहत जाण्याइतकी जवळ असते, काहींवर बोटीने जावं लागतं, दर फेरीला पैसे देऊन. बुकिंगआधी विचारायचा प्रश्न हाच: रीफ किनाऱ्यापासून किती मीटरवर? १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापून तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडले होते, त्यामुळे माहितीपत्रकातल्या पाण्याखालच्या रंगीत फोटोंपेक्षा अलीकडे जाऊन आलेल्यांचे फोटो बघा.

लहान मुलं असतील तर पाण्यावरची खोली विसराच. अनेक रिसॉर्ट ठरावीक वयाखालच्या मुलांना तिथे ठेवत नाहीत, आणि ठेवलं तरी आई-बाप चार दिवस दाराला पहारा देत बसतात.

स्नॉर्कलिंग करताना पाठ भाजते आणि पाण्यात ते कळत नाही. माले विषुववृत्तापासून जेमतेम चार अंशांवर आहे. आमच्याकडचे एक गृहस्थ ‘मी चौपाटीवर वाढलोय’ म्हणत उघड्याने दोन तास तरंगले आणि पुढच्या दोन रात्री पालथे झोपले. पूर्ण बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट इथूनच घेऊन जा. स्कूबा करणार असाल तर शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास मोकळे ठेवा. शेवटच्या सकाळी डाइव्ह आणि दुपारी विमान, असं कधीच नको.

नाव, मूर्ती आणि फॉर्म

भाचीने जवळजवळ केलेली चूक. लग्नानंतर आडनाव बदलणार, म्हणून तिच्या होणाऱ्या नवऱ्याने कौतुकाने नव्या नावावर तिकीट काढायला घेतलं होतं. पासपोर्टवर अजून माहेरचं नाव! तिकिटावरचं नाव पासपोर्टवर असेल तसंच लागतं, अक्षरन्‌अक्षर. कौतुक खोलीतल्या केकवर लिहून घ्यावं. त्या केकसाठी आणि बाकीच्या हनिमून सवलतींसाठी रिसॉर्ट विवाहाचा दाखला मागू शकतं. लग्नाची पत्रिका चालेल का, हे आधीच विचारून घ्या, कारण महापालिकेचा दाखला आठ दिवसांत हातात पडेल अशा भ्रमात कोणी राहू नये.

भारतीयांना पोहोचल्यावर पर्यटक व्हिसा फुकट मिळतो. त्याआधी इमूगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, प्रवासाआधीच्या ९६ तासांत, जाताना आणि परत येतानाही. तोही फुकट. त्यासाठी पैसे मागणारी जी वेबसाइट उघडेल ती सरकारी नव्हे, लगेच बंद करा.

बॅगेत दारू नको, ड्यूटी फ्रीची सीलबंद बाटलीसुद्धा. कस्टम्सवाले ती ठेवून घेतात. वेप, म्हणजे ई-सिगारेटही नको, नोव्हेंबर २०२४ पासून ते आणायलाच बंदी आहे. आणि घरून निघताना सासूबाई बॅगेत प्रेमाने ठेवतात ती छोटी गणपतीची मूर्ती: पूजेच्या मूर्ती तिथल्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत आहेत. बाप्पाला देव्हाऱ्यातच राहू द्या. परत येताना प्रवाळाचा तुकडा आणू नका, ते नेणं तिथे गुन्हा आहे.

इथल्या एजंटकडून परदेशी पॅकेज घेतलंत तर तो टीसीएस, म्हणजे प्राप्तिकरापोटी आगाऊ रक्कम, घेतो. ते पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना वळते करून मिळतात, फक्त पॅन नंबर बरोबर दिलाय ना आणि रक्कम प्राप्तिकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसते ना, तेवढं बघा.

बिल मात्र रोज रात्री रिसेप्शनवर जाऊन बघा. आमच्या बिलात दुसऱ्याच कोणाचा मसाज होता. दुसऱ्याच रात्री दिसला म्हणून दोन मिनिटांत निघाला. शेवटच्या सकाळी बोट धक्क्याला लागलेली असताना कोण भांडणार?

आणि ती बोट किती वाजता सुटते, हे विचारताना कुठल्या घड्याळाने, तेही विचारा. मालेचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असतं, पण कित्येक रिसॉर्ट संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. मोबाइल मालेची वेळ दाखवतो, धक्क्यावरचा माणूस बेटाची सांगतो. आम्ही मोबाइलकडे बघत निवांत चहा पीत होतो, तेवढ्यात तो माणूस बग्गी घेऊन आम्हाला शोधत आला.