लिथियम-११ अभ्यासाला घेण्याआधी

विचित्र अणुकेंद्रकांचा (प्रोटॉन-न्यूट्रॉनांचं प्रमाण नेहमीपेक्षा वेगळं असलेल्या, क्षणात विघटन पावणाऱ्या केंद्रकांचा) सिद्धांत शिकायचा तर आधी मॉडेलांची नावं गोळा करत बसू नका. एकच केंद्रक निवडा आणि ते सोडू नका. माझ्या मते लिथियम-११ घ्यावं: ३ प्रोटॉन, ८ न्यूट्रॉन, अर्धायुष्य जेमतेम ९ मिलिसेकंद. १९८५ मध्ये इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत बर्कलीला त्याचा आकार मोजला तेव्हा ते शेजारच्या लिथियम-९ पेक्षा फारच मोठं भरलं.

पण पेन्सिल हातात घ्याल ती त्याच्या सोप्या भावंडासाठी. बेरिलियम-११ मधला शेवटचा न्यूट्रॉन फक्त ०.५ एमईव्हीने (एमईव्ही हे केंद्रकातल्या ऊर्जेचं एकक) बांधलेला आहे. एरवी ही ऊर्जा ८ च्या आसपास असते. त्याच्या तरंगफलनाची (न्यूट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती हे सांगणाऱ्या फलनाची) शेपटी किती लांब जाते ते काढा. पदवीच्या वर्गातली चौकोनी विहीर, म्हणजे सरळ भिंतींचा ऊर्जेचा खड्डा, एवढ्याला पुरते. शेपटीची लांबी ऊर्जेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते; ऊर्जा सोळाव्या हिश्श्यावर येते, म्हणून लांबी चौपट होते: १.७ फर्मीऐवजी ६.८ (एक फर्मी म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग). गाभ्याभोवती दूरवर पसरलेलं न्यूट्रॉनचं विरळ वलय, हॅलो म्हणतात तो हाच. हे गणित स्वतः केल्याशिवाय पुढचं पान उलटू नका, अगदी मनापासून सांगतो.

शेल मॉडेल, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन केंद्रकात ठरलेल्या कक्षांमध्ये भरत जातात हे चित्र, उजळून घ्या. मेयर आणि येन्सन यांच्या १९४९ च्या मांडणीप्रमाणे बेरिलियम-११ चा तो न्यूट्रॉन पी नावाच्या कक्षेत हवा, प्रत्यक्षात तो एस नावाच्या कक्षेत सापडतो. ८ ही जादुई संख्या (जिथे कक्षांचा एक संच पूर्ण भरून केंद्रक जास्त स्थिर होतं) इथे का ढासळते, हा प्रश्न वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता लिथियम-११ कडे या. लिथियम-९ चा गाभा आणि दोन न्यूट्रॉन. यातले कुठलेही दोघे एकमेकांना धरून राहत नाहीत, तिघे मात्र राहतात. त्यासाठी फादेयेव समीकरणांची, म्हणजे तीन कणांचा प्रश्न नेमका सोडवणाऱ्या समीकरणांची, ओळख हवी. सोबत एक नोंद करा की गाभा ताठ, न हलणारा धरलाय, आणि त्याच्या आतल्या न्यूट्रॉनांनी अडवलेल्या जागा बाहेरच्यांना बंद आहेत. मूळ बलांपासून सुरू होणाऱ्या, महासंगणक लागणाऱ्या पद्धती नंतर बघा.

ग्लाउबरचं टक्कर-मॉडेल (वेगवान केंद्रकांच्या टकरींचा हिशेब मांडणारं) मात्र टाळू नका. त्रिज्या थेट मोजलेली नसते, टकरींच्या काटछेदावरून (टक्कर होण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या रूपात सांगणाऱ्या मापावरून) ती काढलेली असते. १९९६ मध्ये अल-खलीली आणि टोस्टेविन यांनी गाभा आणि न्यूट्रॉन एकमेकांच्या संदर्भात कुठे आहेत हे हिशेबात धरलं, तेव्हा त्याच मोजमापांतून लिथियम-११ ची त्रिज्या सुमारे ३.१ ऐवजी ३.५ फर्मी आली.