वृद्धाश्रमात आजी-आजोबांची लाज राखताना या चुका टाळा

जेवणाच्या वेळी मी एकदा लांबूनच मावशींना विचारलं, “सहा नंबरचा डायपर बदलला का हो?” सहा नंबरचे आजोबा समोरच बसले होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि त्या दिवशी पुढे जेवलेच नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे नंबराने हाक मारायची नाही, आणि असलं काही विचारायचं तर जवळ जाऊन, हळू आवाजात.

सगळ्यात जास्त चुका स्पंजिंगला, म्हणजे अंथरुणातच ओल्या कपड्याने अंग पुसताना होतात. पडदा ओढला की काम झालं असं वाटतं, पण पडद्याआड माणूस अख्खा उघडा पडलेला असतो. गरम पाणी, टॉवेल, धुतलेला गाऊन आधीच हाताशी घ्या. साबण राहिला म्हणून मध्येच पळालात की दार उघडं राहतंच. अंगावर चादर असू द्या, गाऊन तिच्याखालूनच काढा. एक हात बाहेर घ्या, पुसा, कोरडा करा, झाका, मग दुसरा. जांघेची स्वच्छता शेवटी, पाणी बदलून. हात लावण्याआधी दर वेळी सांगा, समोरच्याला कळत नसेल असं वाटलं तरी.

आजी हात झटकतात, ओरडतात? लगेच नोंदवहीत ‘त्रास देतात’ लिहू नका. पाणी गार आहे का, खिडकी उघडी आहे का, पुसणारा पुरुष आहे का, ते बघा. थोडा वेळ जाऊ द्या, दुसऱ्या मावशींना पाठवा. डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) मुलांची नावं विसरतात, पण लाज अनेकदा शाबूत असते. बऱ्याचदा भांडण त्याचंच असतं.

फोटोंचंही तसंच. वाढदिवसाचा फोटो देणगीदारांच्या ग्रुपवर टाकण्याआधी मुलाला विचारतात, आजींना नाही. त्यांना समजतंय तोवर होकार त्यांचाच हवा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलंय. वृद्धाश्रमात आलं म्हणून तो सुटत नाही. कॅमेरे व्हरांड्यात ठीक, कपडे बदलायच्या जागी अजिबात नकोत.

नातेवाइकांनो, असं काही दिसलं तर आधी व्यवस्थापकांना लेखी कळवा. दाद लागली नाही तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आहे.

आणि नळी लावलेल्यांची लघवीची पिशवी उघडी लोंबू देऊ नका. तिला कापडी खोळ घाला, फक्त पिशवी मूत्राशयाच्या खालीच राहू द्या. आमच्या खोळी एका आजींनीच जुन्या साडीच्या शिवून दिल्यात, नाडीसकट.