पाहुण्यांना सिरपूरला नेताना

इंदूरला पाहुणे आले की राजवाडा, सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली, छप्पन दुकान ओघानं होतंच. एक सकाळ मात्र सिरपूर तलावावरच्या पक्ष्यांसाठी राखून ठेवा, आणि आदल्या रात्री सराफ्यातून वेळेत घरी या. मध्यरात्रीनंतर गराडू (तळलेला मसालेदार कंद) खात बसलेली मंडळी पहाटे उठत नाहीत. आमचे पुण्याचे भाचे तर मुळीच नाहीत.

तलाव धार रोडवर. गंगवाल बस स्टँडवरून चंदननगरच्या दिशेनं रिक्षा करा. होळकरांच्या राजवटीतला हा तलाव २०२२ साली रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेला, पण त्याआधी कित्येक वर्षं तो वाचवायला भालू मोंढे आणि त्यांचे सोबती झटत होते. चित्रकार, छायाचित्रकार, आणि आपल्या इंदूरचा मराठी माणूस. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाहुण्यांना हे जरूर सांगा, पुणेकरांना तर दोनदा.

जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ऊन चढायच्या आत. कपडे मळकट रंगाचे, लाल शाल घरी. दुर्बीण मागून आणायची झाली तर ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) बघा. जास्त मोठं दाखवणारी हातात थरथरते आणि मुलं पाच मिनिटांत कंटाळतात. सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात.

मुलांना एकदम वीस नावं सांगू नका. वारकरी बदकापासून सुरुवात करा (खरं तर ते बदक नव्हे, पाणकोंबडीच्या कुळातलं): अंग काळं, कपाळावर पांढरा टिळा, चुकायची सोय नाही. मग थापट्या. त्याची चोच पुढे पसरट असते. पाणी गाळत तो गोल गोल फिरतो. पंख पसरून बसलेला पाणकावळा दिसला की थांबा. त्याची पिसं पाण्यानं भिजतात, म्हणून बुडी मारून आल्यावर त्याला वाळवण घालावंच लागतं. कमळाच्या पानांवर लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी दिसला तर तुमचं नशीब.

परमल (म्हणजे मुरमुरे), शेव, ब्रेड काहीही पाण्यात टाकू द्यायचं नाही. आमच्याकडचे आजोबा-आजी यात सर्वांत अवघड. त्यांना पुण्य हवं असतं. उरलेलं अन्न पाण्यात कुजतं, त्यापेक्षा त्यांच्या हाती दुर्बीण द्या. मोबाइलवरची गाणी बंद.

नावेत बसायचंच असेल तर तो हट्ट पिपल्यापालाच्या रीजनल पार्कात पुरवा. तिथे बोटिंग आहे, कारंजी आहेत, संध्याकाळी गर्दीही असते. सारस बघायचे असतील तर गाडी काढून हातोदकडच्या यशवंतसागर जलाशयावर जा. तोही रामसर यादीत आहे, पण तिथे पूर्ण सकाळ लागते, तेव्हा पोहे घरूनच बांधून घ्या, वरून घालायचा जीरावन मसाला वेगळ्या पुडीत.