वनस्पतींचे ठिपके नकाशावर टाकताना

जीबीआयएफ या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक, खुल्या संग्रहावरून एखाद्या प्रजातीच्या नोंदी उतरवून घेतल्या की लगेच नकाशा काढायचा मोह होतो. जरा थांबा. पहिली गंमत फाइलीतच आहे: नावाला सीएसव्ही, पण रकाने स्वल्पविरामाने नव्हे, टॅबने वेगळे केलेले. पांडाज या पायथनच्या लायब्ररीत फाइल वाचताना हे सांगायला विसरू नका.

मग जिओपांडाजमध्ये, म्हणजे पांडाजच्या नकाशांसाठीच्या जोडीदारात, बिंदू बनवताना आधी रेखांश, नंतर अक्षांश. बोलण्यात आपण उलट क्रम लावतो, म्हणून इथे हमखास घोळ होतो. बहुतेक वेळा एररही येत नाही. झाडं मुकाट्याने भलत्याच खंडात उगवतात! सीआरएस, म्हणजे निर्देशांक पद्धत, ईपीएसजी 4326 (अंशांतले नेहमीचे अक्षांश-रेखांश) ठेवा.

खरा वेळ साफसफाईला द्या. आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, एकटाच ठिपका तरंगताना दिसला तर ती सागरी वनस्पती नव्हे. कुणीतरी अक्षांश-रेखांश दोन्ही 0 भरलेत. देशाच्या बरोबर मध्यावर ढीग असेल तर नोंदणाऱ्याला फक्त देश माहीत होता. कधी नमुना जंगलातला, पण पत्ता तो ठेवलेल्या संग्रहालयाचा. आर या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करत असाल तर कोऑर्डिनेटक्लीनर हे पॅकेज अशा नोंदी पकडून देतं. अनिश्चितता मीटरमध्ये सांगणारा रकानाही बघा. जिल्ह्याच्या नकाशावर 50,000 मीटरची नोंद काय कामाची?

ठिपके लहान आणि अर्धपारदर्शक ठेवा, अल्फा (अपारदर्शकतेचं प्रमाण) 0.3 च्या आसपास. दाटी खरी कुठे आहे ते तेव्हाच कळतं. बऱ्याचदा ती रस्त्यांच्या कडेने निघते, कारण माणसं तिथवरच पोचलेली असतात.