नवी विंडोज टाकताय? मग या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट (मायक्रोसॉफ्टची मोफत सुरक्षा अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून माझ्या फोनला उसंत नाही. फोन लालबागहून येवो नाहीतर बोरिवलीहून, पहिलं वाक्य ठरलेलं: "दादा, मी काहीच केलं नाही, नुसतं अपग्रेड केलं." नुसतं! चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या एसी खोलीत जायचे दिवस होते, तेव्हापासून मी लोकांची मशीनं उघडतोय. फ्लॉपी गेली, सीडी गेली, चुका मात्र त्याच.

मशीनवर काय आहे ते न बघता फॉरमॅट मारणं

माझ्या लेखी ही सगळ्यात महागडी चूक. गिरगावात एक छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं आणि श्रावण लागला की गणेश मंडळांचे अहवाल. मालकांना मी काका म्हणतो. त्यांचा भाचा इंजिनीअरिंगला. सुट्टीत आला, लॅमिंग्टन रोडवरून नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर आणला, जुन्याच डब्यात बसवला, सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज ११ टाकली. जुना बोर्ड भंगारात. अर्ध्या दिवसात मोकळा. गणपतीला नऊ दिवस उरले होते आणि अकरा मंडळांचे अहवाल छापायचे होते.

"अरे, व्हायरस घुसलाय. बघ ना, सगळं इंग्रजी झालंय!" काका फोनवर.

व्हायरस वगैरे काही नव्हतं. फाइल्स डी ड्राइव्हवर शाबूत होत्या; गेले होते फॉन्ट. युनिकोडच्या (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा आकडा देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या) आधीचे मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग असतं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. कृतिदेव नावाच्या अशाच एका फॉन्टमध्ये तुम्ही 'मराठी' लिहिता, तेव्हा फाइलमध्ये खरं तर इंग्रजी ई, जे, के, बी, एच साठवलं जातं. फॉन्ट काढला की सोंग उतरतं आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं.

मग फॉन्टचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचं, एवढंच ना? सीडी सापडली. पण ते चालायला डोंगल लागायचा, म्हणजे सॉफ्टवेअर अस्सल असल्याची खूण देणारा खुंटा, पंचवीस पिनांचा, जुन्या प्रिंटर पोर्टात बसणारा. नव्या बोर्डावर तो पोर्टच नाही. असता तरी उपयोग नव्हता: विंडोज ११ फक्त ६४-बिट येते आणि ६४-बिट विंडोज डोंगलचा जुना ३२-बिट ड्रायव्हर, म्हणजे डोंगलशी बोलणारा छोटा प्रोग्राम, उचलत नाही. भाचा माझ्याकडे बघत म्हणाला, "पण यूट्यूबवर तर सगळं चाललं होतं."

भंगारवाल्याकडे गेलो. नशीब, बोर्ड अजून गोणीत होता. दुप्पट पैसे मोजून सोडवला, माझ्याकडची जुनी हार्ड डिस्क जोडली, ३२-बिट विंडोज ७ टाकली, डोंगल लावला. दोन रात्री बसून प्रत्येक अहवालाची पीडीएफ काढली आणि छपाई नव्या मशीनवरून केली. घाईत प्रूफं नीट वाचली गेली नाहीत, त्यामुळे एका मंडळाच्या अहवालात मागल्या वर्षीचेच खजिनदार छापले गेले. नवे खजिनदार विसर्जनापर्यंत काकांशी बोलत नव्हते.

माझी सवय सांगतो. अपग्रेडच्या आधी शंभर पानी वहीत तीन गोष्टी लिहितो: कुठले प्रोग्राम, कुठला प्रिंटर, मशीनच्या पाठीमागे काय काय खोचलंय. फॉन्टचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतो. महत्त्वाच्या कागदांच्या पीडीएफ काढतो. आणि जुनी डिस्क फॉरमॅट करत नाही; नवी घालतो, जुनी महिनाभर कपाटात. लोक म्हणतात, एवढा वेळ कुणाला आहे. काकांच्या दोन रात्री कुणी मोजायच्या?

जुना मजकूर कधीतरी युनिकोडमध्ये आणावाच लागेल. कन्व्हर्टर मिळतात, पण नंतर डोळ्यांनी वाचा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं. घोळ होतो तो इथेच.

किरकोळ दिसणाऱ्या, पण रोजच्या

"११ चालत नाही" असा संदेश आला की लगेच नवीन लॅपटॉप बघायला धावू नका. पुष्कळदा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) टीपीएम, म्हणजे ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, नुसती बंद असते. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावानं शोधा. मशीन खरंच बसत नसेल, तर विंडोज १० च्या सुरक्षा अपडेट्सची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, ती घ्या.

मशीन चालेल का या विंडोजच्या तपासणीला चकवून ११ टाकायची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. मला आवडत नाही. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरवर असंच कुणी ११ चालवत होतं. २४एच२ हे ११ चं मोठं अपडेट आलं तेव्हा प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ हा सूचनांचा संच नाही म्हणून ते सुरूच होईना.

बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी की कागदावर लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपमधल्या फाइलमध्ये ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

जागा हवी म्हणून दुसऱ्याच दिवशी विंडोज डॉट ओल्ड हे जुनी विंडोज ठेवलेलं फोल्डर उडवू नका. मागे फिरायला तसेही दहाच दिवस मिळतात.

"जुनंच बरं होतं"

हे म्हणणाऱ्यांनी विंडोज ९५ फ्लॉपीवरून टाकलेली नसते. तेरा फ्लॉप्या. मुंबईच्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी लागायची. दादरला एका ऑफिसात बारा फ्लॉप्या झाल्यावर तेरावी वाचेना, म्हणून मी रात्री साडेनऊला दुसरा संच शोधत फिरलोय. त्याच विंडोज ९५ मध्ये एक दोष होता: मशीन सलग ४९.७ दिवस चालू राहिलं की गोठायचं, कारण मिलिसेकंद मोजणारा आकडा भरून जायचा. तो लक्षात यायलाच काही वर्षं गेली. इतके दिवस न कोसळता चालतंय कुणाचं!

पार्ल्याचे एक आजोबा अजून एक्सपी वापरतात. हरकत नाही. पण त्यावरून बँकेचे व्यवहार करतात. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय. "अहो, मला कुणी काय करणार? वेग बघा." वेग आहे, खरंय. मी त्यांचा पत्त्यांचा डाव तसाच ठेवला, नेटची वायर काढली आणि बँकेसाठी मुलाचा जुना टॅब हातात दिला. महिनाभर रागावले होते.

जुनं मशीन हौसेनं जपायचं असेल, तर आधी उघडा आणि बॅटरी बघा. ४८६ या नव्वदच्या दशकातल्या प्रोसेसरच्या बऱ्याच बोर्डांवर निळी, पिंपासारखी बॅटरी डाखलेली असते. ती फुटते, आतला खार बाहेर येतो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो. आपल्या दमट हवेत मग बोर्ड वाचत नाही. कटरनं कापून टाका, चालू आहे की नाही याची वाट बघू नका. माझ्या ४८६ ची मी उशिरा कापली. एक कीबोर्ड पोर्ट गेला होता, तो वायर ओढून जोडला. बॅटरी नाही, म्हणून आता दर वेळी सुरू करताना तारीख आणि हार्ड डिस्कची मापं सेटअपमध्ये हातानं भरावी लागतात. सिलिंडर, हेड, सेक्टर: तीन आकडे, खडूनं डब्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलेत.