ऑफिसच्या सर्व्हरला कुठली ओएस घ्यावी? माझा अनुभव

आमच्या सीए ऑफिसात सगळा डेटा एका साध्या विंडोज 10 प्रोच्या पीसीवर शेअर केलेला, आणि रिटर्नच्या सीझनला जादा आर्टिकल (सीएचं शिकणारी ट्रेनी मुलं) बसले की कुणाचं तरी फोल्डर उघडायचंच नाही, 'नो मोअर कनेक्शन्स' म्हणून मेसेज. केबल, स्विच ठणठणीत. कारण काय तर या विंडोजवर एकावेळी 20 च डिव्हाइस शेअरला जोडता येतात, रॅम कितीही वाढवा.

मग पर्याय बघितले. विंडोज सर्व्हर स्टँडर्डला दर युजर किंवा डिव्हाइसमागे कॅल (सर्व्हरला जोडायचं लायसन्स) वेगळं घ्यावं लागतं, कोटेशनमध्ये ते धरलंय का नक्की बघा. उबंटू या लिनक्स ओएसवर साम्बा (फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर) फुकट आणि खरंच दणकट, पण सांभाळणारा माणूस पाहिजे, तो आमच्याकडे नाही. शेवटी विंडोज सर्व्हर 2022 इसेन्शियल्स घेतलं, 25 युजर, 50 डिव्हाइसपर्यंत चालतं, कॅलची भानगड नाही.

सगळ्यात जास्त आवडलं ते शॅडो कॉपी, म्हणजे फाइलींच्या आधीच्या कॉप्या सर्व्हर आपोआप ठेवतो ती सोय. एकाने ऑडिटची एक्सेल ओव्हरराइट केली, राइट क्लिक करून प्रीव्हियस व्हर्जन्समध्ये गेलो, दुपारची फाइल जशीच्या तशी! पण त्या कॉप्या सर्व्हरवरच असतात, म्हणून रोज रात्री वेगळ्या डिस्कवर बॅकअप चालूच ठेवलाय.