पावसाळ्यात घरातलं म्हातारं माणूस गप्प होतंय? आधी डोळे बघा, मग उजेड

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात मिरग लागला की सूर्य दिसला तर दिसला, जांबोटी-कणकुंबीकडं तर बोलायलाच नको, आणि दरवर्षी त्याच टायमाला आमची आई सोप्यातल्या, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतल्या, कोपऱ्यात तोंड मिटून बसायची, जेवण अर्धं, दिवसा डुलक्या, रात्री टक्क जागी. आम्ही म्हणायचो वय झालं. तीन पावसाळे असंच म्हणत काढले, आता लाज वाटते. म्हणून काय काय केलं ते लिहितोय.

आधी हे समजून घ्या. डोळा नुसता बघायला नसतोय. आतल्या पडद्यात काही वेगळ्या पेशी असतात, त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं द्रव्य असतं, त्या निळसर उजेडाला म्हणजे 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या उजेडाला जास्त दाद देतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात की उजाडलं. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, बाहुली बारीक होते, आणि पिवळं भिंग नेमका निळा उजेडच अडवतं. पॅट्रिशिया टर्नर आणि मार्टिन मेनस्टर या डोळ्यांच्या अभ्यासकांनी 2008 साली याचा हिशोब मांडलाय, लहान पोराच्या मानानं 45 व्या वर्षी या घड्याळाला निम्माच उजेड मिळतो, 75 व्या वर्षी पाचवा हिस्सासुद्धा नाही. तुम्हाला सोपा जरा अंधारा वाटतोय, तिला तो किती अंधारा असेल बघा.

म्हणून पहिलं काम मोतीबिंदूची तपासणी. आईचं ऑपरेशन पावसाळ्याच्या आधी करून घेतलं, पट्टी काढल्यावर भिंतीकडं बघत म्हणाली, "ही भिंत पांढरी हाय व्हय गा? मी पिवळीच समजत होते." चार वर्षांपूर्वी मीच चुना मारलेला. त्याच फेरीत थायरॉईड, बी12 आणि शुगर पण बघून घ्या, गप्प होण्याची कारणं तिथंही असतात.

मग उजेड मोजा. मोबाईलवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं ॲप मिळतं, अगदी बरोबर नसतं पण अंदाज येतो. फोन डोळ्याच्या उंचीला धरायचा, जमिनीवर ठेवून उपयोग नाही. भर पावसात सोप्यातल्या कोपऱ्यात शंभरही भरेना, ट्यूब लावूनसुद्धा, आणि पडवीच्या उंबऱ्यापाशी गेलो तर आकडा हजाराच्या वर. ढगाळ आभाळसुद्धा घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी उजेड देतं, हे मला तेव्हाच पटलं. मग खर्च दोनच केले, सोप्यावरची तीन कौलं काढून काचेची बसवली आणि आईची खुर्ची पडवीत आणली, शिंतोडे येत नाहीत एवढी आत, अंगावर घोंगडं. उठल्यावर तासाभरात चहा तिथंच, तोंड बाहेरच्या बाजूला, अर्धा-पाऊण तास. पहिले आठ दिवस कुरकुर केली, नंतर रस्त्यानं कोण गेलं कोण आलं त्यातच रमली.

लाईट बॉक्सचं, म्हणजे समोर बसून उजेड घ्यायच्या झगझगीत दिव्याचं, लोक विचारतात. नॉर्मन रोझेंथाल या मानसोपचार डॉक्टरांनी 1984 मध्ये हिवाळ्यात येणारं डिप्रेशन मांडलं, तेव्हापासून हा इलाज चाललाय. 2006 च्या कॅनडातल्या अभ्यासात 96 पेशंटना आठ आठवडे एकतर 10,000 लक्सचा दिवा रोज सकाळी 30 मिनिटं, नाहीतर फ्लुओक्सेटीन ही डिप्रेशनवरची गोळी दिली, दोन्हीकडं 67 टक्क्यांना फरक पडला. पण तो तिकडचा लांबलचक काळोखा हिवाळा, आपला पाऊस वेगळा, तिकडच्या आजाराचं नाव जसंच्या तसं इथं चिकटवू नका. दिवा घ्यायचाच तर 10,000 लक्स किती अंतरावर ते खोक्यावर वाचा, थोडं लांब सरकलं की निम्मं होतं. अतिनील किरण गाळणारा घ्या, दिवा तिरका ठेवा, डोळे उघडे असावेत पण त्याच्याकडं टक लावून बघायचं नाही. संध्याकाळी अजिबात नको, झोप उडते.

शुगरमुळं पडदा खराब असेल, उन्हाचा त्रास वाढवणारी औषधं चालू असतील, किंवा कधीतरी अती उत्साह, झोपच नको, वारेमाप खर्च असं झालं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय दिवा लावू नका. चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. आणि "आता जगून काय करायचं" असं बोललं तर उजेडाची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर, किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला 14416 वर फोन, फुकट आहे, रात्रीपण चालतो, मराठी-कन्नड दोन्ही.

रात्री उलटं करायचं. नवाला आमच्याकडं ट्यूब बंद, टीव्ही बंद, मोरीच्या वाटेवर फक्त पिवळा झिरोचा बल्ब. पूर्ण काळोख मात्र करू नका, म्हातारं माणूस रात्री दोनदा उठतं आणि पावसात फरशी ओलीच असते.